गव्याच्या पाठीवरचा नाच

जंगलात माणसाची पायवाटही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. करवंदीच्या जाळीत नाचण नावाची एक चिमुकली पक्षीण राहायची. शेपटीचा पंखा करून ती फांदीवर उड्या मारायची. पानांआडचे किडे बिचकून उडाले की पिल्लांसाठी टिपायची.

जंगलाला मात्र तो नाच वाटायचा! ससे, खारी, भेकरं अगदी जवळ येऊन बसायची आणि त्या गर्दीने किडे आधीच पळायचे.

"अहो, हा नाच नाही, माझं पोट आहे हे!" ती कावून ओरडली. "तीन पिल्लं उपाशी आहेत. उठा इथून!"

"कलावंत म्हटलं की नखरे आलेच," असं म्हणत खार आणखी पुढे सरकली.

तेवढ्यात सगळ्यांना ढकलत गवा पुढे आला. त्याच्या पाठीवर गोमाशा घोंगावत होत्या. नाचण त्याच्याशीही भांडणार होती, पण गोमाशा दिसल्या आणि ती थेट त्याच्या पाठीवरच उतरली. संध्याकाळपर्यंत तिथेच नाचली. पिल्लं पोटभर जेवली.

"कलेची कदर फक्त आम्हालाच!" गवा सगळ्यांना सांगत सुटला. "काय तो नाच! बघता बघता अंगाची खाज गेली."

नाचणीने एक मोठा सुस्कारा सोडला.

"उद्याही या, गवेदादा," ती म्हणाली. "फक्त अंघोळ करून येऊ नका."