बोर्डावरचा भित्रा

"...मग या तिघांत थोर कोण, विश्राम?"

भावगिरी बुवांनी हे विचारलं तेव्हा धुकं उंबरा ओलांडून आत आलं होतं. डोंगरावरचा हा मठ धुक्यात तरंगतो असं खालच्या गावात म्हणतात. त्या संध्याकाळी ते खरं वाटत होतं.

विश्राम पूर्वाश्रमीचा वायरमन. बुवांकडे कानमंत्र मागून मागून त्याचा घसा बसला होता, तोरा मात्र उभाच होता. भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाकडे बोट करून तो ऐटीत सांगू लागला. फ्यूज सगळ्यांत थोर, कारण भार वाढला की तो स्वतः जळतो. त्याच्याखाली एमसीबी. तोही भार वाढला की वीज तोडून पडतो, पण खटका वर केला की पुन्हा कामाला लागतो.

"आणि तो तिसरा?"

"ईएलसीबी? तो भित्रा आहे, बुवा. जरा ओल आली की पडला."

"राखतात कुणाला हे?"

"पहिले दोघं वायरीला. ती तापून घर पेटू नये म्हणून."

"आणि भित्रा?"

विश्रामने बोट खाली घेतलं.

"माणसाला... गेली तेवढी वीज परत यावी लागते. थोडी जरी कुणाच्या अंगातून जमिनीत उतरली, तरी त्याला कळतं."

"असं..."

बुवा उठले. आरतीआधी पाय धुवायची त्यांची रीत. ओल्या फरशीवरून ते अनवाणी पंपाकडे निघाले. धुक्यात आधी त्यांची पावलं दिसेनाशी झाली, मग भगवी छाटी. लोखंडी नळाकडे जाणारा हात तेवढा स्वप्नातल्यासारखा दिसत राहिला.

विश्रामही क्षणभर त्या स्वप्नातच होता. मग त्याला आठवलं. रोजच्या पडण्याला वैतागून त्याने सकाळीच त्या भित्र्याला वगळून वायर डायरेक्ट जोडली होती. पंपात ओल शिरलीय, वीज नळात उतरू शकते हे ठाऊक असूनही.

तो बोर्डाकडे झेपावला आणि मेन स्विच खाली ओढला.

मठात अंधार झाला. टाकीतलं पाणी नळातून वाहू लागल्याचा आवाज आला.

"बुवा, मी डायरेक्ट केलं होतं..." विश्रामला रडू फुटलं. "तुम्ही गेला असता."

बुवांनी सावकाश पाय धुतले. मग ते जवळ आले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला.

"थरथरतोय."

"हो, बुवा."

"...मग कान इकडे कर."