लाडोबाचं घरचं नाव

खाडीवर पूल नव्हता, रस्ता डोंगरापाशीच संपायचा आणि आडबंदरला जायचं तर भरतीची वाट बघावी लागायची, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली म्हणाल तर नक्की कुणी सांगणार नाही. म्हाताऱ्यांना विचारावं तर ते आपल्या आजाचं नाव सांगतात, आणि तो आजा म्हणे त्याच्या आजाचं सांगायचा.

आडबंदरला एक नाट्यमंडळी होती. लहानशीच. एक मांडव, रंगवलेले चार पडदे, आणि होड्या वल्हवणारे, माडावर चढणारे असे नट. शहरातल्या बड्या कंपन्या तोवर मोडल्या होत्या. त्यांची नाटकं मागं पडली होती आणि लोकांना रोज नवं काहीतरी हवं होतं. आडबंदरकरांना नव्याचं फार कौतुक कधीच नव्हतं. जी नाटकं बाकीच्या जगानं टाकून दिली तीच ते करायचे. खाडीपलीकडच्या पल्याडवाडीचे लोक त्यांना चिडवायचे, ‘हे उष्टी नाटकं खाणारे’ म्हणायचे, आणि नाटकाच्या दिवशी होड्या भरभरून सगळ्यांत पुढे येऊन बसायचेही तेच.

खाडीत चिखल फार. पाणी चढलं की होडी चालायची, उतरलं की गाळात रुतायची. म्हणून नाटक भरदिवसा व्हायचं, आणि भरतीपुरतंच व्हायचं. नाटक लांबलं तर एखाद्या पदाला कात्री लावायची आणि राजाला थोडं लवकर मारायचं. त्याचं कुणाला वाईट वाटत नसे, असं म्हणतात.

या मंडळीत लाडोबा चितारी रंग लावायचा. एका मोडलेल्या कंपनीतून तो रंगाची पेटी घेऊन एकटाच आला होता. नाव लाडोबा, पण बाईमाणसानं लाड करावेत असं त्याच्यात काही नव्हतं. पाठीत वाकलेला, बोटं कायमची रंगलेली, स्वभाव तुसडा. पण त्यानं सफेद्याचा, म्हणजे पांढऱ्या रंगाचा, हात फिरवून भुवया ओढल्या की समोर बसलेला कोळी उठताना राजा होऊन उठायचा.

लाडोबाचे दोन नियम होते, आणि ते मोडायची कुणाची टाप नव्हती. एक, नाटक संपलं की रंग त्यानंच उतरवायचा. खोबरेल लावून तोंड पुसायचं, मग नटाला त्याच्या घरच्या नावानं हाक मारायची. नटानं ‘ओ’ दिली की तो मोकळा. ओ दिल्याशिवाय कुणी रंगपटाबाहेर पडायचं नाही. दुसरा नियम त्याचा स्वतःचा होता. स्वतःच्या तोंडाला त्यानं कधी रंगाचं बोटही लावलं नाही.

लोक हसायचे. मग तो म्हणायचा, नवीन नाटकातली पात्रं गावोगाव शंभर जण करतात, त्यांना जागेला तोटा नाही. पण जुनं नाटक आपण सोडून कुणी करत नाही. त्यातल्या राजाला अख्ख्या जगात एकच तोंड उरलंय. ते तो सुखासुखी सोडेल का?

त्या मंडळीचं एक नाटक होतं, ‘संगीत सागरवचन’. त्यात वज्रकेतू नावाचा राजा असतो. वादळात सापडलेली गलबतं परत यावीत म्हणून तो समुद्राला आपली मुलगी देण्याचं वचन देतो. गलबतं परत येतात, आणि शेवटच्या अंकात राजा मुलीचा हात धरून समुद्राकडे चालू लागतो. ती चार पावलं चालते न चालते तोच पडदा पडतो. पडदा पडतो म्हणून पोर वाचते, नाहीतर राजा काही थांबणारा नव्हे, असं आम्हाला लहानपणी सांगायचे.

राजाचं काम पल्याडवाडीचा बाबल तांडेल करायचा. उंचापुरा, आवाज खणखणीत, आणि मनानं अगदी लोणी. त्याला शेवंती नावाची एकच मुलगी. शेवंती म्हणजे त्याचा जीव की प्राण.

एका वर्षी नाटक रंगात आलं आणि शेवट व्हायला उशीर झाला. पाणी उतरू लागलं. तेवढ्यात पल्याडवाडीहून निरोप आला की शेवंती तापानं फणफणली आहे. रंगपटात लाडोबासमोर आधीच प्रधान आणि राक्षस बसलेले. काठावरून होडीवाला ओरडत होता, “ओहोटी लागली! येवचा आसा तेनी येवा, नायतर रवा हयच!”

बाबलनं मुकुट काढून ठेवला आणि म्हणाला, “लाडोबा, चेडवाक ताप इलोहा. होडी चुकली तर रातभर हयच अडकतलंय. रंग घराक जावन पुसतंय.”

लाडोबाचा हात थांबला. त्यानं बाबलच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं अजून बापच दिसत होता, म्हणून त्याला दया आली. “बरां, जा,” तो म्हणाला. “पण उंबऱ्याभायर उभो रव आणि बायकोक सांग, नावान हाक मार म्हणान. ओ दिल्याबिगर आत जाव नको.”

चूक झाली ती इथं. लाडोबाला ना बायको ना संसार. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. बाबलची आई असती तर तिनं शंभरदा हाक मारली असती, पण ती केव्हाच गेली होती. बाबल दारात उभा राहिला तेव्हा त्याची बायको भागी कंदील घेऊन बाहेर आली. नावानं हाक मार असं त्यानं सांगूनही ती लाजली आणि चारचौघींसारखी म्हणाली, “अवो, इलात? चेडू तुमचीच वाट बघता.”

त्यानं ओ दिली नाही. उंबरा ओलांडून तो आत गेला.

आत गेल्यावर तो पोरीच्या उशाशी बसला, पाठ ताठ करून, सिंहासनावर बसतात तसा. त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला. हात बर्फासारखा गार होता, आणि ताप तिथल्या तिथं उतरला, असं म्हणतात. भागीला आनंद झाला. ती तेल आणि फडकं घेऊन आली आणि त्याचं तोंड पुसू लागली. फडकं पांढरं झालं. दुसरं घेतलं, तेही पांढरं झालं. घरातली फडकी संपली, लुगड्याचा पदर पांढरा झाला, पण तोंडावरचा रंग होता तसाच राहिला. तेव्हा भागीच्या हातातली वाटी गळून पडली.

तो पोरीकडे बघून म्हणाला, “कन्ये, उद्या सागराला भरती येईल. सज्ज राहा.”

तो आवाज बाबलचाच होता, पण बोलणारा बाबल नव्हता.

भागीनं शेजारी जमवले. दांडग्या गड्यांनी त्याला धरून बांधायचं ठरवलं. पण जो पुढे व्हायचा तो त्याच्या समोर गेला की आपसूक वाकून मुजरा करायचा आणि मग शरमून मागं सरकायचा. खाडी सुकलेली, होडी चालत नव्हती. पलीकडे लाडोबाला निरोप न्यायचा तरी कसा? पाणी चढलं की निरोप जाणार, आणि पाणी चढलं की राजा निघणार. भागीनं पोरीला पोटाशी धरलं आणि ती भरतीला शिव्या देत बसली.

दुसऱ्या दिवशी चिखलावर पाणी पसरू लागलं तशी पहिली होडी आडबंदरला गेली. लाडोबानं निरोप पुरता ऐकूनही घेतला नाही. पेटी उचलली आणि तो होडीत बसला.

इकडे राजा उठला होता. त्यानं भागीच्या मिठीतून पोरीला अलगद सोडवून घेतलं, आणि भागीच्या हातांत बळच राहिलं नाही. लोक दोन्ही बाजूंना उभे होते. कुणी रडत होतं, कुणी देवाला हाका मारत होतं. राजा मुलीचा हात धरून पाण्यात शिरला. इथं पाडायला पडदा नव्हता.

लाडोबा काठावर उतरला तेव्हा पाणी शेवंतीच्या कमरेला लागलं होतं. “बाबल!” त्यानं हाक मारली. राजानं मागं वळूनही पाहिलं नाही. बाबलचं तोंड सोडून जायला त्याला दुसरं तोंडच नव्हतं, मग तो जाणार कुठं?

हे लाडोबाला पुरतं ठाऊक होतं. तो धक्क्याच्या दगडावर बसला, पेटी उघडली, पाण्यात डोकावला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाला सफेदा फासला.

“मी उठलंय की तू हाक मार,” तो भागीला म्हणाला. “त्याच्या नावान.”

“मी? त्यांचा नाव घेव?”

“घे. मोठ्यान घे.”

भागीच्या मनात तेव्हा जे आलं ते गावात दुसऱ्या कुणाच्याच मनात आलं नव्हतं. “आणि मगे तुमका परत कोण बोलावतलो? नाव काय तुमचा? घरातला?”

लाडोबाचा ब्रश थबकला. लाडोबा हे नाव त्याला कंपनीत पडलेलं, मालकाच्या मर्जीतला म्हणून. आईनं ठेवलेलं नाव वेगळं होतं, आणि ते या मुलखात कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात शेवंती किंचाळली. पाणी तिच्या गळ्याशी आलं होतं.

“सांगतंय गो,” लाडोबा म्हणाला. “आधी चेडू भायर येवंदे.”

त्यानं भुवया ओढल्या. ओठ रंगवले. कपाळाला राजाचा टिळा लावला आणि उठून उभा राहिला. तो वाकलेला माणूस त्या दिवशी सरळ उभा राहिला. पाण्यातल्या राजानं सावकाश मान वळवली. दोन एकसारखी तोंडं एकमेकांकडे बघत राहिली. वारा थांबला, असं म्हणतात, आणि काठावरची कुत्री पोट जमिनीला लावून बसली.

“बाबल!” भागी ओरडली. “अवो बाबल! घराक चला!”

“ओ!” पाण्यातून आवाज आला. तोंडावरचा रंग ओघळून पाण्यात गेला. बाबलनं भांबावून इकडेतिकडे पाहिलं, पोरीला खांद्यावर उचललं आणि रडत काठाकडे धावला.

सगळे त्या दोघांभोवती गोळा झाले. भागीच तेवढी धक्क्याकडे वळली. “सांगा आता! नाव सांगा!”

त्यानं तिच्याकडे पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. राजाला समुद्राला मुलगी द्यायची होती. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. लाडोबाला मुलगी नव्हती. बायको नव्हती, भाऊ नव्हता, हात धरून न्यावं असं कुणीही नव्हतं. हे ओळखूनच त्या शहाण्यानं तो रंग आपल्या तोंडाला लावला होता, असं म्हणतात, आणि मला तरी ते खरं वाटतं. वचन तर दिलेलं होतं. मग राजा एकटाच निघाला.

लोक काठानं धावले. “लाडोबा! लाडोबा!” म्हणून त्यांनी घसा फोडला. ते त्याचं नावच नव्हतं. तो एकदाही वळला नाही. पाणी छातीला लागलं, गळ्याला लागलं, आणि मग पाण्यावर नुसता पांढरा तवंग उरला. ओहोटी लागल्यावर तो तवंगही समुद्राकडे गेला.

लाडोबाचं प्रेत कुठल्याच किनाऱ्याला लागलं नाही. खाडीत मात्र अजूनही कधीकधी जाळं वर येतं ते सफेदा लागलेलं. तेव्हा कोळी त्या दिवशीची मासळी विकत नाहीत, जाळं धुऊन गप्प घरी येतात.

आता तिथं पूल झाला आहे. भरतीची वाट बघावी लागत नाही. तरी आडबंदरची मंडळी दर वर्षी ‘सागरवचन’ करतेच, आणि भरतीलाच करते. राजाचं काम दर खेपेला नव्या माणसाला देतात. वज्रकेतूला पुष्कळ तोंडं मिळाली, तर लाडोबाचं तोंड तो कधीतरी सोडेल, असा त्यांचा हिशेब. नाटक संपलं की नटांच्या बायका रंगपटाच्या दाराशी जाऊन नवऱ्यांना नावानं हाका मारतात, अगदी मोठ्यानं. पाहुण्यांना ते विचित्र वाटतं, पण त्या गावात त्याची कुणाला लाज वाटत नाही.

आणि मग सगळे, नट आणि प्रेक्षक, धक्क्यावर जमतात. पाण्याकडे तोंड करून नावं पुकारतात. बाळगो. झिलू. सदबा. गुणो. आई आपल्या मुलाला ज्या नावांनी हाक मारते ती सगळी नावं. एक नाव घेतलं की थांबतात, पाण्याचा कानोसा घेतात, मग पुढचं घेतात. अजून ओ आलेली नाही. आपल्याकडची नावं त्यांनी केव्हाच संपवली. म्हणून नवी सून गावात आली की तिला आधी तिच्या माहेरच्या पोरांची नावं विचारतात.

तुम्ही कधी तिकडे गेलात तर तुम्हालाही विचारतील. पाण्याचा तांब्या हातात देतील आणि म्हणतील, तुमच्याकडे लाडक्या मुलाला आई काय म्हणून हाक मारते? हसू नका. आठवेल ते सांगा.