वाचणारा ससा आणि गोष्टीतले तळे

सागाच्या एका जंगलात एक ससा राहत असे आणि एका जागी बूड टेकून बसणे त्याला मुळी ठाऊकच नव्हते. कान हलताहेत, नाक थरथरते आहे, पाय उगाचच जमीन उकरताहेत! पण जंगलाच्या कडेला एक ओस पडलेला डाकबंगला होता. तिथल्या कपाटातले एखादे पुस्तक हाती लागले, की हाच ससा तासन्‌तास जागचा हलत नसे. (सशाला वाचता कसे येई, हे विचारू नका, बाळांनो. गोष्टीतल्या सशांना येते.) त्याला वाचायला आवडे, एवढेच खरे. एकदा गवा सर्वांसमोर म्हणाला, "जो एवढे वाचतो, त्याची अक्कल केवढी असेल!" सगळ्यांनी माना डोलावल्या. सशालाही ते ऐकून गुदगुल्या झाल्या, म्हणून तो गप्प बसला.

त्या उन्हाळ्यात पाणवठा पार आटला. पाणी संपले की सर्वांनी मिळून दुसरीकडे जायचे आणि जो दिशा सांगेल त्यानेच सर्वांच्या पुढे चालायचे, असा त्या जंगलाचा रिवाज होता. उगाच कुणी तोंडाची वाफ दवडू नये, म्हणून वाडवडिलांनी तो घालून दिला होता. सगळे भेगाळलेल्या चिखलाभोवती जमले आणि सगळ्यांचे डोळे सशाकडे वळले. "ससेभाऊ, तुम्ही एवढे वाचलेले. आता तुम्हीच सांगा," हरिणी म्हणाली. तिचे पाडस तिच्या पायाशी मान टाकून पडले होते. 'मला माहीत नाही' असे म्हणायला सशाने तोंड उघडले, पण इतक्या डोळ्यांसमोर जीभ भलतेच बोलून गेली. "उत्तरेच्या खिंडीपलीकडे मोठे तळे आहे. मी वाचले आहे."

मग काय, निघाली सगळी फौज! पुढे ससा, मागे सारे जंगल. सशाच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. तळ्याबद्दल वाचले होते हे नक्की. पुस्तकाचे निळे कव्हर आठवले, कमळे आठवली. पण आणखी काय होते त्या पानावर? तो चार उड्या मारी, थांबे, कान खाजवी, पुन्हा उडी मारी. खिंड समोर दिसू लागली आणि त्याला एकदम सगळे आठवले. त्या तळ्यात रोज रात्री चंद्र आंघोळीला उतरे आणि मासे त्याची पाठ चोळत! ते वाचताना आपण खो खो हसलो होतो, हेही आठवले. गप्प राहावे, पलीकडे गेल्यावर 'आटले असेल तळे' म्हणून मोकळे व्हावे, असेही त्याच्या मनात येऊन गेले. त्याने मागे पाहिले. पाडस वाटेतच कोसळले होते आणि हरिणी त्याला नाकाने ढोसून उठवत होती.

"थांबा!" ससा ओरडला. "ते तळे गोष्टीतले आहे. पलीकडे पाणी आहे की नाही, मला ठाऊक नाही. मला वाचायला आवडते म्हणून मी वाचतो. त्यामुळे मी शहाणा ठरत नाही."

"जाळा ती पुस्तके!" कोल्हा दात विचकून म्हणाला. "वाचणारे सगळे मूर्खच!"

"मूर्ख म्हणा, हवे तर," ससा म्हणाला. "पण आधी सांगा, तुमच्यापैकी कुणाला कुठे पाण्याची खूण दिसली आहे का?"

सगळी भिस्त सशावर ठेवल्यामुळे हा प्रश्न कुणाला सुचलाच नव्हता. "होले पक्षी रोज सकाळी मावळतीकडे उडत जातात," कावळा म्हणाला. "त्याच बाजूला नदीच्या कोरड्या पात्रात परवा मला ओला वास आला होता," रानडुक्कर पुटपुटले. "कुणी विचारले नाही, मी बोललो नाही."

"दोन्ही खुणा एकाच बाजूच्या आहेत. पाणी असेल असे वाटते, पण खात्री नाही," ससा म्हणाला. "तरी पुढे मीच चालतो."

नदीच्या वळणावर करंजाच्या सावलीत वाळू गार लागली. रानडुकराने ती उकरली, तसे गढूळ पाणी वर आले. सगळ्यांत आधी पाडसाला पाजले. थोड्या वेळाने ते धडपडत उभे राहिले, तेव्हा हरिणीचे डोळे भरून आले. ओल्या तोंडाने गवा म्हणाला, "बघा, शेवटी वाचणाऱ्याचेच डोके चालले!"

"गवेकाका, पुन्हा तेच?" ससा कळवळून म्हणाला. "हे पाणी कावळ्याचे आणि डुकराचे. मी फक्त विचारले, आणि तेही किती उशिरा!"

तेवढ्यात पाडस जवळ आले. "ससेमामा, त्या गोष्टीतल्या तळ्यात काय आहे?"

"प्यायला थेंबही नाही, हे आधी ध्यानात ठेव," ससा म्हणाला. "पण चंद्र मात्र रोज येतो." आणि पुस्तक हाती नसताना तो पहिल्यांदाच एका जागी बसला आणि गोष्ट सांगू लागला.

तात्पर्य : वाचायला आवडणे हा मोठा आनंद आहे, पण तो अकलेचा दाखला नाही. आपल्याला काय ठाऊक नाही हे ओळखून वेळेवर कबूल करणे आणि दुसऱ्याला विचारणे, ही खरी अक्कल.