भिवराईचा गाठींचा दोर

फार मागची गोष्ट. निगुडवाडीला तेव्हा डोंगरातल्या एकाच झऱ्याचं पाणी होतं आणि ते पाटानं, पाळीपाळीनं शेतात यायचं. दिवाळी सरली की टेकडीवरच्या खडकापाशी पाळ्या ठरायच्या. रीत अशी, की जो आपल्या पायांनी खडकापर्यंत चढेल त्यालाच पाळी. बदली माणूस चालत नसे, कुणाच्या पाठीवर बसून आलेलंही चालत नसे. जो चढेल तोच पाट उपसायला येईल, असा त्यामागचा विचार.

त्या गावात भिवरा दोर वळायची. तिचा दोर इतका गुळगुळीत, की बैलाच्या मानेला तो कधी काचला नाही, असं म्हणतात. पण म्हातारपणी तिला वातानं धरलं. गुडघे सुजले, बोटं आकड्यासारखी वाकली ती वाकलीच. एके वर्षी ती निम्म्या टेकडीवरून परतली. एका अंगाला दरी, पायाखाली निसटते खडे, मागून कुणी नुसतं खाकरलं तरी तोल जायचा. बसून, सरकत सरकत ती खाली आली. त्या साली तिचा हरभरा उभ्या उभ्या वाळला. आणखी एक साल असं गेलं, तर भाकरीसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं.

शेजारच्या दौलूला मोतीबिंदूनं दिसेनासं झालं होतं. त्याची पाळी आधीच गेली होती.

"आता आपण दोघं ओसरीवर बसून माश्या मारायच्या," तो म्हणाला.

"माश्या नंतर मारा, भावजी. आधी ही फिरकी धरा, दोर वळायचाय."

दौलू फिरकी फिरवायचा आणि बोटं चालत नव्हती म्हणून भिवरा मनगटानं पीळ द्यायची. घायपाताच्या तंतूंचा वाख संपत आला, पण दोर काही संपेना, असं म्हणतात. टेकडीच्या वाटेवर तो झाडाझाडाला बांधायचा म्हटलं, तर झाडांनीच फांद्या पुढे केल्या.

भिवरा दोर धरून चढायला लागली आणि धपकन खाली बसली. जन्मभराच्या सवयीनं हाही दोर तिनं गुळगुळीतच वळला होता. वाकड्या बोटांत तो ठरेना.

तिनं सगळा दोर सोडवला आणि वितीवितीवर गाठी घालत पुन्हा वळला. दौलूनं चाचपून पाहिला.

"हा दोर आहे का कणीस? तरुणपणी असला विकला असतास, तर बाजारातून हाकलली असती तुला."

"हाकलू देत. बोटं अडकतात ना, बास."

पाळ्यांच्या दिवशी भिवरा पुढे, दौलू मागे. ते बघून ओसऱ्यांवरची बाकीची म्हातारी माणसंही उठली. कुणाला दमा, कुणाचं एक अंग लकव्यानं गेलेलं. दुखऱ्या हातांत त्या गाठी ऊन ऊन लागायच्या, चुलीजवळच्या भांड्यासारख्या, असं म्हणतात.

खडकावर पाळ्या लावायला बसलेले पाटील म्हणाले, "दोराला धरून आलात. हे आपले पाय नव्हेत."

भिवराला धाप लागली होती. दम घेऊन ती म्हणाली, "मग तुमच्या हातातली काठी कशाला आहे, पाटील?"

माणसं हसायला लागली. पाटलांनी काठीकडे पाहिलं आणि सरकून तिला बसायला जागा केली. "पाळी लावा सगळ्यांची," ते म्हणाले. त्या वर्षी झऱ्याला दुप्पट पाणी आलं, असं म्हणतात.

भिवरा जाऊन किती काळ लोटला ते आता कुणाला सांगता येत नाही. पण निगुडवाडीत अजूनही दिवाळीनंतर तरणी पोरं भिवराईच्या नावानं नवा दोर वळतात. गुळगुळीत झाला तर म्हातारी माणसं तो परत पाठवतात. मग चढण. पुढे म्हातारी, मागे तरणी, आणि कुणी कुणाला ओलांडायचं नाही. वाटेत कुणी दम खायला बसलं की मागची सगळी रांग बसते. शेवटच्या म्हाताऱ्या माणसाचा हात खडकाला लागेपर्यंत पाटाचं तोंड उघडत नाहीत. तोवर पाणी वरच थांबतं.