मानाचं पान

हौसाबाईंचं नवं घर उभं राहिलं, पण मागच्या बागेत पाणी तुंबून मोगरा कुजला. कंत्राटदार बाळासाहेब मिशीला पीळ देत म्हणायचे, "नुसता ओलावा आहे, बाई. दोन दिवसांत मुरेल." असं म्हणता म्हणता दोन महिने गेले.

वास्तुशांतीच्या जेवणाला बाळासाहेब परीटघडीच्या धोतरात आले. पाहतात तर त्यांचं मानाचं पान बागेत मांडलेलं, अन् पाट चिखलात रुतलेला!

"इथं बसू मी?"

"बसा की! नुसता ओलावा आहे. दोन घासांत मुरेल."

पंगतीत हशा पिकला. बाळासाहेबांनी जेवायला आलेल्या आपल्याच गवंड्यांना पानावरून उठवलं. त्यांनी चर खणून पाणी ओढ्याला लावलं, तेव्हाच हौसाबाईंनी बाळासाहेबांना ओसरीवर पहिली पुरणपोळी वाढली.