हुकूम नसलेलं खोरं

फार पूर्वी एका खोऱ्यात चार वाड्या होत्या आणि चौघींच्या डोक्यावर एक सरदार. उठला की हुकूम, बसला की हुकूम. शेवटी वाड्यांनी मिळून त्याला असा पिटाळला, की पळताना त्याचा एक जोडा मागेच राहिला!

मग सगळे पारावर बसले आणि त्यांनी आपला कायदा केला. कुणी कुणाला हुकूम सोडायचा नाही, फक्त विनंती करायची. सगळ्या वाड्यांचा होकार असेल तरच काम हाती घ्यायचं. आणि नवी वाडी वसली, तर तिला पहिल्या दिवसापासून बरोबरीचा मान. लवकरच बांबूच्या रानापाशी पाचवी वाडी वसली. तिथल्या म्हातारीला पारावर मानानं बसवलं, तेव्हा ती आनंदानं रडलीच.

एकदा नदीवरचा साकव, म्हणजे लाकडी पूल, कुजला. चार वाड्या म्हणाल्या, "नवा बांधू."

वरच्या वाडीचा पाटील म्हणाला, "आम्ही कशाला खाली उतरतोय? आमचा नकार."

"अहो पाटील, विनंती आहे!"

"विनंतीला आमचा नमस्कार," म्हणत पाटलानं खरोखरच हात जोडले. कायद्यापुढे कोण काय बोलणार? साकव तसाच राहिला.

पुढे याच पाटलाच्या लेकीचं लग्न खालच्या वाडीत ठरलं. वऱ्हाड वाजतगाजत नदीवर आलं, तर साकव वाहून गेलेला! अलीकडे नवरी, पलीकडे नवरदेव, मध्ये खोल पाणी. मुहूर्त टळत चालला, तसा पाटलाला घाम फुटला.

"अरे, बघत काय उभे राहिलात? बांबू आणा! हा माझा हुकूम..."

त्यानं जीभ चावली. दोन्ही काठांवर हशा पिकला. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "पाटील, सरदाराचा जोडा देऊ का पायात घालायला?"

नवरीलाही हसू आवरेना. ती म्हणाली, "बाबा, एकट्याचा हुकूम नकोच. पण बहुतेकांनी मिळून ठरवलेलं सगळ्यांनी ऐकायला काय हरकत आहे?"

पाटील ओशाळला. "चुकलंच माझं. आमचा होकार."

वऱ्हाडात आलेली पाचव्या वाडीची म्हातारी लगेच पुढे झाली. "आमचं बांबूचं रान तुमचंच समजा. तुम्ही आम्हाला परकं मानलं नाहीत, मग ही लेक आम्हाला परकी कशी?"

मग काय विचारता! सनईवालेसुद्धा सनया ठेवून दोर ओढू लागले. सकाळचा मुहूर्त हुकला, पण गोरज मुहूर्तावर नवरी नव्या पुलावरून पलीकडे गेली आणि खोरं आनंदानं नाचलं.

जेवणं झाल्यावर सगळे कायद्याकडे वळले. नव्या वाडीच्या मानाला कुणी हात लावला नाही. एवढंच बदललं, की चार वाड्यांचं एकमत झालं, तर उरलेल्या वाडीनंही कामाला यायचं.

पुढच्या वर्षी रस्ता करायचं ठरलं आणि नेमका वरच्या वाडीचाच नकार एकटा पडला. पाटील खूप कुरकुरला. पण दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन सगळ्यांच्या आधी तोच हजर होता.

तात्पर्य: जुलमाला भिऊन केलेल्या कायद्यात मोकळीक येते, पण एकत्र चालण्याचं बळ राहून जातं; त्यातलं चांगलं ते जपावं आणि उणं ते हसतमुखानं दुरुस्त करावं.