मुंगीमाळावरची हाक

समोर तो काळा धोंडा दिसतो ना, त्याच्या बुडाशी मुंग्यांचं बीळ आहे. लांब पायांची ही मुंगी उन्हाचीच. भर दुपारी सरडेसुद्धा सावली धरतात, तेव्हा ही बाहेर पडते. कण तोंडात धरला की मात्र इकडेतिकडे न जाता नीट घराकडे पळते. आमच्या वाडीत भाकरीचा पहिला तुकडा तिला घालतात. त्याचं कारण असं सांगतात.

एका दुष्काळी सालात धुरपाबाई नावाची धनगरीण आपल्या सुनेला, हौसाला, माहेरी पोचवायला या माळावरून निघाली. हौसाचे दिवस भरत आले होते. तिचा नवरा म्हाकू त्याच सालात तापाने गेलेला. दुपार झाली आणि दोघींना चकवा लागला. कितीही चाललं तरी पुन्हा तीच वाळकी बाभळ पुढे येई. पाणी संपलं. हौसाला कळा येऊ लागल्या.

तेवढ्यात मागून हाक आली, "हौसे."

आवाज म्हाकूचा होता.

धुरपाबाईने सुनेचं तोंड हाताने दाबून धरलं. जो ओ देतो त्याला चकवा घेऊन जातो आणि बाकीच्यांना सोडतो, हे म्हातारीला ठाऊक होतं. हाक पुन्हा आली, आता अगदी पाठीशी.

म्हातारीने पदरची भाकरी कुस्करून खाली टाकली. एक मुंगी आली, कण उचलून सरळ निघाली.

"हिला चकवा लागत न्हाई," धुरपाबाई म्हणाली. "हिच्या मागं जा. वळून बघू नगंस."

"आन् तुमी, आत्याबाई?"

"आवाज माझ्याच लेकाचा हाय, पोरी."

मग माळाकडे तोंड करून तिने मोठ्याने ओ दिली.

हौसा मुंगीवरची नजर न काढता चालत राहिली. मागे वहाणा वाजत होत्या, लांब लांब जात होत्या. एकट्या सासूच्या नव्हत्या, असं ती पुढे सांगायची म्हणे.

या धोंड्याशी पोचली तेव्हा तिला खालून मेंढरांच्या घंटा ऐकू आल्या. मेंढक्यांनी तिला उचलून नेलं. दिवस मावळता मुलगी झाली. आमची वाडी त्या मुलीच्याच वंशाची. धुरपाबाई पुष्कळ शोधली, पण सापडली नाही.

आजही भर दुपारी या माळावर कधीकधी नावाने हाक येते. आम्ही जागच्या जागी गप्प उभे राहतो. थोड्या वेळाने लांबून म्हातारीची ओ ऐकू येते. ती आली की मगच पाऊल उचलायचं.